कुत्र्याची छत्री आणि कुत्र्याचे फुप्फुस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सुरू झाला की रानातल्या अळंब्या ओळखल्याशिवाय खाऊ नका, असे आवाहन दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. ते हवेच. पण त्यात धोका तोंडावाटेच येतो असे धरून चाललेले असते. घरात कुत्रा असेल तर दुसऱ्या वाटेचाही विचार करावा लागतो, ती म्हणजे नाक. पाऊस ओसरू लागतो, भूछत्रे पिकून सुकतात, तेव्हा ही वाट उघडते. नेमक्या त्याच दिवसांत खोकणारे कुत्रे ‘हवा बदलली’ म्हणून घरच्या घरी बरे करायचा प्रयत्न होतो.

सगळ्या भूछत्रांचा हा प्रश्न नाही. छत्रीसारखी दांडी आणि खाली पापुद्रे नसलेली, चेंडूसारखी गोल किंवा लसणाच्या गड्ड्यासारखी वर फुगीर व खाली निमुळती अशी एक जात असते. इंग्रजीत तिला पफबॉल म्हणतात. लहानपणी पायाने दाबून ‘धूर’ काढलेला बहुतेकांना आठवेल, तीच ही. लायकोपर्डॉन आणि कॅल्व्हेशिया या तिच्या दोन मोठ्या प्रजाती, आणि दोन्ही सह्याद्रीतही उगवतात. कुजलेल्या पानांवर, सडक्या लाकडावर, शेणखत घातलेल्या गवतात, बागेत आच्छादन म्हणून टाकलेल्या सालींच्या तुकड्यांत ती सापडतात. कोवळेपणी आतून पनीरसारखी पांढरी आणि घट्ट असतात. मग आतला गर पिवळट, शेवाळी होत जातो आणि शेवटी त्याची तपकिरी भुकटी होते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. लायकोपर्डॉनच्या माथ्यावर एक भोक पडते आणि वरून पावसाचा थेंब आपटला तरी त्यातून फुर्र करून भुकटी उडते. लायकोपर्डॉन या नावाचा ग्रीक अर्थ ‘लांडग्याचा पाद’ असा आहे. आपण भूछत्राला कुत्र्याची छत्री म्हणतो, तिकडे ते लांडग्यापर्यंत पोचले. दोन्हीकडे नाव ठेवणाऱ्यांना कुत्र्या-लांडग्यांच्याच जातीची आठवण व्हावी, हा योगायोग गमतीचा आहे.

हे बीजाणू फुप्फुसात खोलवर गेल्याने होणाऱ्या आजाराला लायकोपर्डोनोसिस म्हणतात. माणसांत त्याची पहिली वैद्यकीय नोंद १९६७ सालची. नाकातून रक्त येऊ लागले की ही भुकटी नाकपुडीत भरायची, असा एक जुना परदेशी घरगुती उपाय होता, त्यातून हा आजार झालेला आढळला आहे. सर्वांत नीट नोंदलेली घटना मात्र अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातली, एप्रिल १९९४ मधली. सोळा ते एकोणीस वर्षांच्या आठ मुलामुलींनी पार्टीत ही भूछत्रे हुंगली आणि चघळली. काहींना सहा ते बारा तासांत मळमळ-उलटी झाली. खरा आजार तीन ते सात दिवसांनी उभा राहिला: खोकला, १०३ अंश फॅरनहाइटपर्यंत ताप, धाप, अंगदुखी. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, दोघांना श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागला. तपासणीसाठी काढलेल्या फुप्फुसाच्या तुकड्यात बीजाणूंसारखे गोल कण दिसले, पण त्याच तुकड्यातून प्रयोगशाळेत बुरशी वाढली नाही. एक ते चार आठवड्यांत सगळे बरे झाले.

तुकड्यात कण दिसले आणि बुरशी मात्र वाढली नाही, या निरीक्षणात आजाराचे मर्म आहे. इथे बुरशी फुप्फुसात घर करते आहे, असे मुख्यतः घडत नाही. बाहेरचे कण लाखोंनी आत शिरल्यावर शरीर त्यांच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत वायुकोशांना, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, सूज येते. म्हणून उपचाराचा भर बुरशी मारण्यापेक्षा सूज उतरवण्यावर असतो. कुत्र्यांतला हा आजार कॅनडाच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात २००९ साली नोंदला गेला आणि अमेरिकेतून २०१० साली आणखी दोन कुत्र्यांची नोंद आली. आजार विरळा आहे, यात वाद नाही. पण ज्याबद्दल कोणी विचारतच नाही, तो कागदावर विरळाच राहणार.

कुत्र्याला याचा धोका माणसापेक्षा जास्त का, हे त्याच्या नाकात दडलेले आहे. लायकोपर्डॉनचा एक बीजाणू साधारण साडेतीन ते साडेचार मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. पाचच्या खालचे वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. माणूस अशा धुळीपासून पाच फूट उंच असतो, कुत्र्याचे नाक तिच्यावर टेकलेले असते. शिवाय तो हुंगताना एका सेकंदात चार-पाच वेळा आत-बाहेर हवा खेळवतो. उच्छ्वासाची हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून मागे-खाली फेकली जाते आणि जमिनीवरची धूळ उठवते, आणि उठलेली तीच धूळ पुढच्या हुंगण्यात आत जाते. त्यात त्याने पंजाने उकरले, चेंडू समजून तोंडात धरून झटकले, तर भुकटीच्या ढगातच तो श्वास घेतो. कण किती असतात? बुलर या कवकशास्त्रज्ञाने एका मोठ्या पफबॉलमधले बीजाणू सात लाख कोटींच्या घरात असल्याचा अंदाज केला होता. आपल्याकडे दिसणारी लिंबाएवढी भूछत्रे त्यापुढे किरकोळ, पण एका कुत्र्याला तीही पुरेशी आहेत. आखूड पायांचे डाशहुंड, वास काढत फिरणारे बीगल आणि सगळे तोंडात घालून बघणारी पिल्ले यांना जास्त जपावे. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते, त्यामुळे थोडी सूजही त्याला भारी पडते.

आता प्रसंग घडलाच तर काय करायचे. कुत्र्याला ओढत, ओरडत आणू नका. घाबरून धापा टाकू लागला तर उरलेली भुकटीही आत ओढेल. शांतपणे वाऱ्याच्या उलट दिशेला न्या. तोंड आणि नाकाभोवतीची भुकटी ओल्या फडक्याने, नाकापासून बाहेरच्या दिशेने टिपा. कोरड्या हाताने झटकू नका. नाकपुडीत पाणी सोडू नका. घरी गेल्यावर अंगावरची लव धुवायची, पण एक अडचण आहे: हे बीजाणू पाण्याने भिजत नाहीत. नुसते पाणी ओतले की ते वर तरंगतात, केस वाळले की पुन्हा उडतात. म्हणून कुत्र्यांसाठीचा शाम्पू आधी थोड्या पाण्यात कालवून केसांत मुरवा आणि मग धुवा. धुणाऱ्याने एन-९५ मास्क लावावा. पट्टा, हार्नेस, गाडीतली चादर हेही त्याच दिवशी धुवा. कुत्र्याला आधीच धाप लागली असेल तर मात्र आंघोळीच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठावा.

त्या भूछत्राचा फोटो काढा, शेजारी नाणे ठेवा म्हणजे आकार कळेल. एखादे अखंड मिळाले तर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते घाम सुटून सडते आणि ओळखता येत नाही. आणि कॅलेंडरवर तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. हा बिनखर्चाचा उपाय सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण लक्षणे काही तासांतही दिसतात आणि काही दिवसांनीही. चार दिवसांनी कुत्रा खोकू लागला की रविवारी टेकडीवर त्याने काय हुंगले, हे कुणाला आठवत नाही.

पुढचे सात-आठ दिवस सकाळ-संध्याकाळ श्वास मोजा. कुत्रा झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला तिसाच्या आत असेल तर ठीक. तिसाच्या वर सलग जात असेल तर फोन करा, चाळिसाच्या वर असेल तर निघा. चालून आल्यावरची किंवा उकाड्यातली धाप यात धरू नका. ताप गुदद्वारातूनच मोजावा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या मापाने ‘ताप आहे’ म्हणून घाबरू नये आणि १०३ च्या वर गेल्यावर थांबूही नये. हिरड्या गुलाबी हव्यात. त्या करड्या किंवा निळसर दिसल्या, कुत्रा कोपरे बाहेर काढून मान पुढे ताणून बसू लागला, आडवा व्हायला तयार नसला, तर मोजमाप राहू द्या, निघा.

नेताना तोंडाला मुसके बांधू नका आणि गळ्यातल्या पट्ट्याने ओढू नका. पोट-छाती खाली टेकून बसलेल्या स्थितीत, गाडीत एसी लावून न्या. घरातले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नये. दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. खोकल्याचे माणसांचे औषध, मध, हळद-दूध हे धाप लागलेल्या कुत्र्याच्या तोंडात ओतले तर श्वासनलिकेत जाऊन दुसरा न्यूमोनिया होतो. उलटी करवण्याचाही उपयोग नाही, कारण माल पोटात नाही, फुप्फुसात आहे. वाफारा देण्याची आपल्याकडे फार हौस. उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ गुदमरलेले जनावर धरून ठेवणे म्हणजे भाजण्याला निमंत्रण आहे.

यापुढचे थोडे माझ्या पशुवैद्य व्यवसायबंधूंसाठी. पावसाळ्याच्या शेवटी खोकणारा कुत्रा आला की आपले मन ठरलेल्या वाटांनी जाते: केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला), गोचीडताप, हृदयविकार, उंदराचे औषध खाल्ल्याने फुप्फुसात झालेला रक्तस्राव. या सगळ्या शक्यता इथे खऱ्या आहेत आणि तपासायलाच हव्यात. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची चाचणी, हार्टवर्मची, म्हणजे हृदयातल्या जंतांची, तपासणी चुकवू नये. पण केनेल कफचा कुत्रा भुंकल्यासारखा खोकतो आणि एरवी खातो-खेळतो. इथे कुत्रा स्वस्थ पडलेला असतानाही श्वास जलद असतो. काही गिळताना श्वासनलिकेत गेल्याने झालेला न्यूमोनिया एक्स-रेत बहुधा खालच्या भागात, विशेषतः उजव्या मधल्या खंडात दिसतो. बीजाणूंचा परिणाम दोन्ही बाजूंना, सर्वत्र पसरलेला असतो, कधी बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके घेऊन. त्यामुळे तो कर्करोगाच्या पसरलेल्या गाठींसारखाही भासतो आणि मालकाला नको ती बातमी दिली जाते. हृदयाचा आकार नेहमीसारखा असताना केवळ छातीतला ओलसर आवाज ऐकून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध देत राहण्याने काही साधत नाही, उलट कुत्रा कोरडा पडतो.

प्राणवायू आधी, एक्स-रे नंतर, हा क्रम मोडू नये. प्राणवायूचा पिंजरा नसेल तर गळ्यातल्या प्लॅस्टिकच्या शंकूसारख्या कॉलरवर स्वयंपाकघरातली पातळ फिल्म ताणून लावावी, वरचा पाव भाग उघडा ठेवावा म्हणजे उष्णता आणि उच्छ्वासाची हवा बाहेर पडते, आणि खालून प्राणवायूची नळी सोडावी. पूर्ण झाकले तर आत भट्टी होते. नाकातल्या नळीने द्यायचा तर दहा किलोच्या कुत्र्याला मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो. पल्स ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा असेल तर प्राणवायू चालूच ठेवावा.

निदानाचा पुरावा श्वासनलिका किंवा वायुकोश धुऊन काढलेल्या द्रावात मिळतो. अशा कुत्र्याला भूल देणे धोक्याचे असते, म्हणून तो थोडा स्थिर झाल्यावरच हे करावे. पण शक्य असेल तर स्टिरॉइड सुरू करण्याआधी करावे, नंतर पेशींचे चित्र बदलते. द्रावात न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दिसतात, आणि भक्षक पेशींच्या पोटात तीन-पाच मायक्रॉनचे गोल कण. घोटाळा इथे होतो. हिस्टोप्लाझ्मा ही खरीखुरी रोगकारक बुरशीही त्याच आकाराची, त्याच पेशीत बसलेली असते. तिला अरुंद देठाच्या कळ्या फुटलेल्या दिसतात, कडेने फिकट वलय असते. पफबॉलचा बीजाणू रंगवण्याआधीच पिवळट-तपकिरी असतो, भिंत जाड, पृष्ठभाग बारीक काटेरी, आणि कळ्या नसतात. मालकाने डब्यातून आणलेली भुकटी दुसऱ्या काचपट्टीवर घेऊन शेजारी लावली तर पाच मिनिटांत तुलना होते. डबा आणायला सांगतो तो यासाठी. चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. बीजाणूंना हिस्टोप्लाझ्मा समजलो तर ज्या स्टिरॉइडची गरज आहे तेच रोखले जाते आणि महिनोन्महिने बुरशीनाशक चालते. हिस्टोप्लाझ्माला बीजाणू समजून स्टिरॉइड दिले तर संसर्ग अंगभर पसरतो. खात्री होत नसेल तर बुरशीची वाढ करून पाहण्यासाठी नमुना पाठवावा आणि निकाल येईपर्यंत बुरशीनाशकाचे कवच ठेवावे. विस्कॉन्सिनच्या दाखल रुग्णांपैकी चौघांनाही ते दिले गेले होते.

निदान पक्के झाल्यावर प्रेडनिसोलोन किलोमागे दिवसाला १ मिलिग्रॅमच्या आसपास सुरू करून दोन ते चार आठवड्यांत उतरवत आणावे. दोन दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो आणि मालक गोळी बंद करतात. मग सूज परतते. सोबत मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक देण्याचा मोह टाळावा, दोन्ही मिळून जठरात व्रण करतात. श्वासनलिका रुंदावणारी औषधे आणि गरज वाटल्यास प्रतिजैविक हे आपापल्या अंदाजाने. बरा झालेला कुत्रा पुन्हा त्याच झाडाखाली सोडू नये, शरीराने त्या कणांशी आता वैर धरलेले असते.

सोसायट्या आणि उद्यानांच्या माळ्यांना हे सांगणे भाग आहे, कारण सर्वांत मोठा ढग कुत्रा उठवत नाही, गवत कापायचे यंत्र उठवते. पिकलेल्या भूछत्रांवरून यंत्र गेले किंवा पालापाचोळा उडवायचा पंखा फिरला की भुकटी सगळ्या हिरवळीवर पसरते. यंत्र लावण्याआधी दहा मिनिटे पायी फेरी मारावी. पांढरी, घट्ट भूछत्रे हाताने उपटली तरी काही उडत नाही. तेव्हाच काढणे सर्वांत सोपे. तपकिरी झालेली असतील तर लिटरभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचे द्रव साबण घालून हलक्या फवाऱ्याने भिजवावीत. जोराची पिचकारी मारू नये, तिच्या दाबानेच भुकटी उडते. मग पिशवी हातमोज्यासारखी उलटी घालून भूछत्र बुडख्यासकट धरावे, पिशवी सुलटी करून गाठ मारावी आणि ओल्या कचऱ्यात द्यावी. खराट्याने लोटू नये. बुरशीनाशक फवारण्याची मागणी होईल, ती मान्य करू नये. जमिनीतले बुरशीचे जाळे त्याने संपत नाही, आणि पाने-लाकूड कुजवण्याचे तिचे काम बागेला हवेच असते. अडचण फक्त पिकलेल्या फळाची आहे.

शेवटी, राज्यात घरोघरी होऊ लागलेल्या धिंगरी अळिंबीच्या शेडबद्दल. धिंगरी वेगळ्या कुळातली, खायला निर्धोक. पण तीही बीजाणू भरपूर सोडते आणि त्यांच्यामुळे बंद खोलीत काम करणाऱ्या माणसांना याच प्रकारची फुप्फुसाची सूज आल्याच्या नोंदी आहेत. कामानंतर चार-आठ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, थंडी-ताप आणि खोकला येतो, सुटीच्या दिवशी बरे वाटते, आणि फ्लू म्हणून सोडून दिले जाते. छत्रीची कड खाली वळलेली असतानाच तोडणी केली तर बीजाणू कमी सुटतात. कड सरळ होऊन वर वळू लागली की पिशव्यांवर पांढरी पूड दिसू लागते. आत जाताना मास्क आणि हवा बाहेर टाकणारा पंखा हवाच. पण त्या पंख्याचे तोंड जिथे उघडते, त्याच भिंतीच्या सावलीत राखणीचा कुत्रा बांधलेला असतो. त्याची साखळी दुसऱ्या बाजूच्या खुंटीला हलवावी.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्य, पुणे